चमक, कळ की ठणका

भाला फेकताना माझ्या कोपरात कट्‌कन आवाज झाला, तेव्हा मी लेस्टरला युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोचने विचारलं, तर म्हटलं काही नाही. आईने फोनवर विचारलं, तिलाही तेच. आमच्या घरात पाय मोडला तरी उत्तर 'काही नाही'च असतं.

कोपर सुजलं तेव्हा हॉस्पिटल गाठावंच लागलं. तिथल्या फिजिओ सोलापूरच्या निघाल्या. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. दुसऱ्या भेटीपासून मी त्यांना काकूच म्हणायला लागले. किती दुखतं असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "दहापैकी सात."

"मला मार्क नकोत. चमक निघते, कळ येते की ठणका लागतो?"

मी इंग्लंडमध्येच, स्लाऊला जन्मलेली, माझ्या मराठीत सगळं नुसतं 'दुखतं'. मग त्यांनी तिन्ही दुखण्यांची तोंडं वेडीवाकडी करून दाखवली. मला हसू आवरेना. म्हटलं, "चमक. हात मागून पुढे आणताना, आतल्या बाजूला."

स्कॅनमध्येही तेच निघालं. आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. जपलं तर जुळेल. पूर्ण तुटलं तर ऑपरेशन, आणि मग पुन्हा भाला फेकता येईलच याची खात्री नाही. तीन महिने काहीही फेकायचं नाही. मी नुसती चरफडले. भाल्याशिवाय मला दुसरं येत होतं काय?

सातव्या आठवड्यात पार्कात कुणी नाही असं बघून मी टेनिस बॉल फेकले. पाच-सहाच, पण चमक निघाली.

सोमवारी काकूंनी कोपर दाबलं. "दुखतंय?"

"काही नाही."

त्यांनी हात सोडला नाही. "हे 'काही नाही' मी माझ्या घरात रोज ऐकते. काय केलंस ते सांग."

मी रडत रडत सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. दर सोमवारी मी रबरी पट्टा ओढायचे आणि त्या आपलं जेवण बाजूला ठेवून शेजारी उभ्या राहायच्या. त्यांचे उपकार मी कसे फेडणार?

पहिला भाला फेकायच्या दिवशी सुट्टी असूनही त्या मैदानावर आल्या. मी अर्ध्याच जोराने फेकला. चमक निघाली नाही.

"काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काकू."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांनी कोपर दाबून पाहिलं नाही.

"मग दुसरा टाक," म्हणाल्या.