इंजीलची शेवटची दोन पानं

माझे थोरले भाऊ इद्रीसभाई दुबईच्या देरा भागात बुकबाइंडिंग करायचे. व्यापाऱ्यांच्या वह्या, मदरशाची पुस्तकं, आणि सगळ्यात मनापासून फाटकी कुराणं. आधी वजू, मग सुई. रत्नागिरीहून आणलेली ही शिस्त इकडेही सुटली नाही. इथे गोडं पाणी गाढवावरून विकत यायचं आणि हे गृहस्थ ऊठसूट हातपाय धुणार. मी कुरकुरायचो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

१९६४ साली एक ग्रीक माणूस दुकानात आला. बंदरातल्या टगबोटीवर इंजिनियर होता. त्याने पंच्यातून एक जाड ग्रंथ काढला. आठशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं इंजील, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ, पानं कातड्याची, त्याच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे आलेलं. दमट हवेने शिवण कुजली होती. मोडक्यातोडक्या हिंदीत ‘मजबूत सिलाई करो’ म्हणून तो पंधरा दिवसांसाठी समुद्रावर गेला.

“ही पण अल्लाचीच किताब,” म्हणत भाई वजूला उठले. मी कपाळावर हात मारला.

दहा दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. सगळी पानं शिवून झाली, शेवटची दोन मात्र बुरशीने पार गेली होती. सुई लावली की तुकडे पडत. त्यांच्यावर निळ्या शाईने त्याच्या लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं. असेल एखादी दुआ, असं आम्हा दोघांनाही वाटलं. आमच्याकडे कुराणाचं पान असं निकामी झालं, की स्वच्छ कापडात बांधून, दगड लावून वाहत्या पाण्यात सोडतात. मालकाला विचारत बसत नाहीत, उलट बाइंडरने ते करावं अशीच अपेक्षा असते. भाईंनी नवा मलमलचा तुकडा आणला आणि अब्रात, म्हणजे इथल्या होडीत, बसून खाडीच्या तोंडाशी ती पानं सोडून आले. दिवसभर खुशीत होते.

इंजिनियर परतला. शिवण बघून हसला, मग शेवट उघडला आणि पानं पुन्हापुन्हा मागेपुढे उलटू लागला.

त्या पानांवर त्याच्या बायकोने मुलीचं नाव लिहिलं होतं. जन्माची तारीख, आणि त्याखाली तीनच वर्षांनी मृत्यूची. बायकोही आता नव्हती. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

भाईंनी त्याचे पाय धरले. “जो सजा देना है दो, साहेब. मुझसे गलती हो गया.”

त्याने भाईंना उठवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. “किधर छोडा, दिखाओ,” एवढंच तो म्हणाला.

आम्ही तिघं अब्राने गेलो. भाईंनी बोटाने जागा दाखवली. तिथे पाणी आणि पाणीच. तिकडेच बघत त्याने विचारलं,

“छोडते टाइम कुछ बोला था?”

“हां. कलाम पढा था.”

“मेरी बेटी गई तब मैं जहाज पे था,” तो म्हणाला. “दफन के टाइम क्या पढा, मैंने सुना नहीं. तुम फिर से पढो.”

भाई हाफिज होते, सबंध कुराण तोंडपाठ. त्यांनी हात उचलले, ओठ हलवले, आणि त्यांना एकही आयत आठवेना.