कंपाउंडरांनी दिलेली साक्ष

शरणपुरात शांतवन भालेराव म्हणून चौकशी केली तर लोक एकमेकांकडे बघत. कंपाउंडर म्हटलं की लगेच हात दाखवत. ते काय, चर्चच्या कुंपणाला लागून तिसरं कौलारू घर. मिशनच्या एका जुन्या दवाखान्यात, जाळीच्या खिडकीमागे, त्यांनी एकतीस वर्षं काढली. हाताने असे चोख की खोकल्याच्या औषधाची बाटली कधी थेंबाने कमी भरली नाही. तोंडानेही तसेच. जेवणानंतरची गोळी कुणी जेवणाआधी घेतली, तर दुसऱ्या दिवशी त्याला भर रांगेत झाडत. दारू नाही, विडी नाही, उपासनेला कधी उशीर नाही. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. लोकांचं काय जातं?

रविवारी उपासना संपली की ते मुलांची शब्बाथशाळा घेत. बाकीचे मास्तर गोष्ट सांगायचे, कंपाउंडर बाटल्या मांडायचे. माणसाच्या आत्म्याला मारणारी पापं सात, म्हणून बाटल्या सात. गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, खादाडपणा, आळस, सगळ्यांना दवाखान्याची चिठ्ठी डकवलेली. सातवी वासनेची, ती मोठ्यांची म्हणून रुमालाखाली झाकलेली, आणि अर्थातच मुलांचं सगळं लक्ष तिच्याकडेच. क्रोधाच्या बाटलीत आयोडीनचं लालभडक पाणी असे. त्यात ते ‘सहनशीलता’ लिहिलेल्या बाटलीतले चार थेंब टाकत आणि पाणी क्षणात काचेसारखं स्वच्छ होई. मुलं आ वासून बघत. ते थेंब फोटो धुणाऱ्याकडून आणलेल्या हायपोचे होते, ही गोष्ट निराळी. आळसाच्या बाटलीत नदीचं गढूळ पाणी. त्यात तुरटी फिरवायची, थांबायचं नाही, फिरवतच राहायचं. ही तुरटी म्हणजे उद्योग. मग म्हणत, प्रत्येक पापाला त्याच्या उलटा सद्गुण हेच औषध, दिवसातून तीन वेळा. गाळ कुठे जात नाही, तळाला बसतो, एवढं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्याही ते ध्यानात आलं नसावं.

त्यांची बायको सुलाबाई नामपूरकडची. कांद्याच्या गावची म्हणून ते तिला सुरुवातीला चिडवत, आणि ती अहिराणीत असं काही उलट बोले की कंपाउंडरांना कान झाकावे लागत. बोलायची शुद्ध, पण हसायची अहिराणीत, असं शेजारची गोजराबाई म्हणायची. गळा तर असा की नाताळात गायनमंडळातल्या वीस जणांत तिचा एकटीचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यावा. घरकामात मात्र यथातथाच. भाजी चुलीवर आणि ही दारात गप्पा मारते आहे. भाजी लागायची, कंपाउंडर रागवायचे, ती हसून करपलेलं आपल्या ताटात घ्यायची. घर असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

चौऱ्याण्णव साली दिवाळीनंतर ती निजली. निजली म्हणजे, सकाळी उठेनाच. लेक छाया लग्न होऊन नांदगावला गेली त्याला वर्ष झालं होतं, तिच्या आठवणीने असेल म्हणून छायाला बोलावलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. ताप नाही, खोकला नाही, दुखत काही नाही. केस विंचरत नाही, आंघोळीला चार दिवस. गोजराबाई भाकरी आणून ठेवायची, ती तशीच वाळायची. कंपाउंडरांनी टॉनिकच्या चार बाटल्या संपवल्या. एकदा तिच्या उशाशी बसून त्यांनी बऱ्या शब्दांत विचारलं, तुला होतंय तरी काय? ती छताकडे बघत होती.

“माले काहीच गोड लागत नही,” ती म्हणाली.

त्या वाक्यावर त्यांनी तासभर तरी विचार करायला हवा होता. पण बाहेर लोक बोलायला लागले होते. मंडळीतल्या बायका चौकशीच्या निमित्ताने येत आणि न झाडलेलं अंगण बघून जात. जो माणूस शहराला जेवणाआधी-जेवणानंतर शिकवतो, त्याच्या घरात दुपारी बारापर्यंत बायको अंथरुणात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं कुणीतरी म्हणालं आणि ते फिरत फिरत खिडकीच्या जाळीपर्यंत आलं.

दवाखान्यात तेव्हा मनीषा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या एकदा घरी येऊन सुलाबाईंशी दार लावून बोलल्या. बाहेर आल्यावर त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, “भालेराव, हा आळस नाही, आजार आहे. ह्यावर गोळ्या आहेत. मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, उद्याच घेऊन जा.”

“शरीराचं तुम्ही बघा बाई,” कंपाउंडर म्हणाले. “हे आत्म्याचं आहे. ह्याचं औषध मला ठाऊक आहे.”

एकतीस वर्षांत डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी त्यांनी ही एकच नाकारली. मला त्यांचा राग येतो तो इथे. वेड्यांच्या डॉक्टरच्या दारात कंपाउंडरची बायको, शब्बाथशाळेच्या मास्तरांची बायको, हे चित्र त्यांना सोसलं नाही, एवढंच खरं कारण. ओळीतली पहिली बाटली गर्वाची. ती त्यांनी दर रविवारी मुलांसाठी उघडली, स्वतःसाठी एकदाही नाही. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असं आपल्यात म्हणतात. इथे तर औषध देणारा अख्ख्या शरणपुरात सगळ्यात भरवशाचा माणूस.

पुढच्या मार्चमध्ये लेंट सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस उपासाचे, पापाशी झगडायचे. कंपाउंडरांनी औषधाच्या कागदी पाकिटावर, गोळ्यांचं लिहितात तसं, सुंदर अक्षरात लिहून काढलं. सकाळी झाडलोट, सडा, पाणी. दुपारी निवडणं, टिपणं, शिवण. संध्याकाळी स्वयंपाक, भांडी, प्रार्थना. ते पाकीट तिच्या उशाशी ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की सुला, तू आजारी नाहीस, तू पापात आहेस, आणि पापातून उठता येतं. मारलं नाही, ओरडले नाहीत. तसं केलं असतं तर कदाचित ती भांडली असती. पण तिनेही ते खरं धरलं. ती देवभीरू बाई, आणि नवऱ्यावर तिचा जीव होता. आपल्यामुळे ह्या माणसाची मान खाली जाते आहे, हे ती पडल्या पडल्या बघत होतीच.

ती उठली. पहिल्या दिवशी अर्ध्या अंगणात झाडू टेकून उभी राहिली आणि रडली. दुसऱ्या दिवशी पूर्ण अंगण झाडलं. पंधराव्या दिवशी गोजराबाईला भाकरी आणायची गरज उरली नाही. तिसाव्या दिवसापर्यंत घर असं लखलखीत झालं की कंपाउंडरांना भरून आलं. रात्री निजताना ती दात घट्ट आवळून पडते, एवढं त्यांना दिसत होतं. ती प्रार्थनाच आहे असं त्यांनी धरलं.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या शुक्रवारी चर्चमध्ये साक्षींची उपासना असे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून मंडळीला सांगायचं. कंपाउंडर उभे राहिले. माझ्या घरात आळसाचं पाप शिरलं होतं, ते म्हणाले, आणि उद्योगाच्या सद्गुणाने देवाने ते काढून टाकलं. मग त्यांनी बायकांच्या बाकांकडे हात केला आणि सुलाबाईंना उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून. तीनशे माणसांनी मागे वळून तिला पाहिलं. पाळकसाहेब आमेन म्हणाले, त्यांच्यामागून सगळे आमेन म्हणाले.

घरी परतताना कुंपणापाशी ती थांबली. “मी बरी झालेली नाही हो,” ती म्हणाली. “लोकांना कशाला सांगितलं?”

“आता साक्ष झाली,” कंपाउंडर म्हणाले. “आता मागे वळायचं नाही.”

ती वळली नाही. वळायला जागाच कुठे ठेवली होती? घरात पडून राहणारी बाई कधीतरी उठते, पुन्हा पडते, माणसाचं असंच असतं. पण तीनशे माणसांच्या आमेननंतर हिने दुपारी जरा आडवं व्हावं तर ते देवाला खोटं पाडणं. बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण देऊ लागल्या. भगिनी मंडळात कुठलंही काम निघालं की सुलाबाई. चर्चचे पडदे, वेदीवरची चादर, गायनमंडळाचे पांढरे झगे, सगळं ती धुई, इस्त्री करी. त्या झग्यांत उभं राहून गायला मात्र ती परत कधी गेली नाही. विचारलं तर म्हणे, वेळ कुठे आहे. अहिराणीही तोंडातून गेली. भाजी कधी लागली नाही.

कंपाउंडर हे सगळं सकाळी आणि संध्याकाळी बघत, आणि सुखी होते. सहा वर्षं.

दोन हजार एक साली ते निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच अख्खा दिवस घरात राहिले. जून महिना होता. खुर्चीत बसून ते पेपर वाचत होते आणि समोर ओट्यावर सुलाबाई सुपात तांदूळ निवडत होती. निवडून झाले. खडे तिने डाव्या तळहातावर गोळा केले होते, दहा-बारा असतील. तिने दाराकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं आणि ते खडे पुन्हा तांदळात टाकले. सूप हलवलं. आणि पहिल्यापासून निवडायला लागली.

कंपाउंडरांनी पेपर तसाच धरून ठेवला. जेवायच्या वेळेपर्यंत तिने ते तीनदा केलं. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे वाळलेले कपडे काढून तिने पुन्हा भिजवले. घासलेली भांडी मोरीत नेली. काम संपण्याची तिला भीती वाटत होती. काम संपलं तर काय उरतं ते तिला ठाऊक होतं, सहा वर्षं ती त्याच्यापुढे धावत होती. त्या दिवशी भालेराव कंपाउंडर न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, रडले. साठीला टेकलेला माणूस, तोंडात टॉवेल धरून रडला. रडून काय होणार होतं?

त्यांनी करायचं ते सगळं केलं, हे सांगायला हवं. मनीषाबाई केव्हाच बदली होऊन गेल्या होत्या. ज्या दाराची त्यांना लाज वाटली होती त्या दारात ते स्वतः बायकोचा हात धरून गेले. डॉक्टर म्हातारे, धीराचे होते. फार उशीर झाला आहे, ते म्हणाले, तरी बघू. गोळ्या सुरू झाल्या. कंपाउंडर जेवणानंतरची गोळी जेवणानंतरच देत, ती मुकाट्याने घेई, डॉक्टर गोळ्या बदलत. झोप लागू लागली, वजन वाढलं, हात थोडे थरथरू लागले. थरथरत्या हातांनी ती तांदूळ निवडे. त्यांनी झाडू लपवला तर ती हाताने पाला वेचे. गायनमंडळाची माणसं घरी बोलावली, तर ती सगळा वेळ त्यांच्या चहाचे कप विसळत राहिली. शब्बाथशाळा त्यांनी सोडली; पाळकसाहेबांनी कारण विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणाले. मंडळीसमोर उभं राहून दुसरी साक्ष द्यावी, ही पहिली खोटी होती म्हणून सांगावं, असं तीन लेंट त्यांच्या मनात आलं. तीनही वेळा ते बाकावरून उठले नाहीत.

दोन हजार सहाच्या मार्चमधली एक दुपार. ऊन दाराच्या आत आलं होतं. सुलाबाई खाली बसून फरशी पुसत होती, त्याच दिवशी दुसऱ्यांदा. केस सगळे पांढरे झाले होते. कंपाउंडर खुर्चीतून उतरले, दुखऱ्या गुडघ्यांवर कसेबसे तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले आणि तिच्या हातातलं फडकं धरलं.

“सुले,” ते म्हणाले, “माझं चुकलं. तू आजारी होतीस. पाप तुझं नव्हतं, माझं होतं. सगळ्यांसमोर मी तुला उभं केलं. आता पुरे. तू नीज. मी इथे बसतो, तू निवांत नीज.”

तिने नीट ऐकून घेतलं. मान एकदा हलवली. मग तिचे डोळे हळूहळू खोलीभर फिरले. मांडणीवर, मोरीकडे, दाराबाहेरच्या अंगणात. चेहऱ्यावर भीती आली.

“काय राहिलं हो करायचं?” तिने विचारलं. “सांगा ना. लगेच करते.”