मतदानाच्या दिवशी इस्त्री बंद

आमची आत्या इस्त्रीवाली. राहते मागच्या वस्तीत, पण टेबल पुढच्या उंच इमारतीच्या फाटकापाशी आणि इस्त्रीची वायर थेट वॉचमनच्या खोलीत. म्हणजे घर इकडे, पोट तिकडे. त्यामुळे वॉर्डाची निवडणूक आली की बिचारीची पार पंचाईत व्हायची.

यंदा इमारतीतल्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर आमच्या वस्तीतला नळ दुरुस्त करणारा. बाईंना गाड्या लावायला जागा हवी होती, नळवाल्याला गटार झाकायचं होतं. आत्या दोघांनाही "हो हो, तुम्हालाच!" म्हणून मोकळी. पण इमारतीच्या सेक्रेटरीने तिला गाठून सरळ सांगितलं, "मावशी, बाई पडल्या तर तुमची वायर बंद." मेल्याची जीभ कशी झडली नाही! वायर गेली तर आत्या खाणार काय?

मतदानाच्या दिवशी आत्या पहाटेच रांगेत. वस्ती झाडून सगळी हजर, रांग काही हलेना. इकडे इमारतवाले आरामात उठले आणि बघतात तर काय, आदल्या दिवशी दिलेले कपडे आत्याच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली आत्याच्या कमरेला! आता चुरगळलेल्या कपड्यांत वस्तीतल्या माणसांशेजारी उभं राहायचं? छे! आत्या आली की जाऊ, म्हणत बसले ते बसलेच. आणि आत्या? मत देऊन घरी जी आडवी झाली, ती मतदान संपल्यावर, दिवेलागणीलाच उठली.

निकाल लागला. बाई अगदी थोडक्यात पडल्या.

सेक्रेटरीने तावातावाने वायर उपटून फेकली. वस्तीत मात्र जल्लोष! "आत्या, काय डाव टाकलात!" म्हणत बायकांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. नळवाल्याने स्वतःच्या घरातून वायर ओढून वस्तीच्या तोंडाशी तिचं टेबल मांडून दिलं. आता इमारतवालेच गाठोडी घेऊन, नाक धरून गटार ओलांडतात. मला तर ते बघून भारी मजा येते.

फक्त आत्याच गप्प गप्प. शेवटी मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, मी बाईंनाच दिलं की मत! वायरीच्या भीतीने. आणि हा नळवाला पोरगा येता-जाता माझ्यासमोर वाकतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं गं."

"मग सांगणार त्याला?"

"वेडी की काय तू!" इस्त्री दणकन ठेवत ती म्हणाली. "पुढच्या वेळी त्यालाच देणार. पण मी मत दिलं की माणूस पडतो, तेवढीच धाकधूक आहे."