निळी टाकी

माझा दादा लोकांना मासे पकडायला नेतो. पकडून देत नाही, नेतो. पंधरा वर्षं मी हे फोनवर सांगत आलेय, तरी दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की मासा लागला नाही तर काय. मी सांगते, मग समुद्र बघा. अशा बोलण्यानं गिऱ्हाईक तुटतं, ठमे, असं दादाचं म्हणणं. मग तूच घे फोन, म्हटलं की गप्प बसतो.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत फोन, वही, लाइफ जॅकेटं आणि आमिषाच्या कोळंबीचा डबा माझ्या ताब्यात. बोट, गळ आणि माणसं त्याच्या ताब्यात. तो खोल समुद्रात जात नाही. खाडीच्या तोंडाबाहेर, किनारा दिसत राहील इतक्या अंतरावर वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथवरच. वडील जाळं टाकायचे. ते गेले, जाळ्याला काही लागेनासं झालं, तेव्हा दादानं जाळं विकून गळाच्या सहा काठ्या आणल्या. लोक पैसे देऊन उन्हात बसायला येतील, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. दादाला लग्नाचं विचारलं की ओहोटीची वेळ झाली म्हणून उठायचा. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं आणि ओहोटीही वेळेवर यायला लागली.

पण शिकवावं त्यानंच. हौशी माणसं महागड्या काठ्या घेऊन येतात आणि तासाभरात शेवाळाचा गुंता ओढून काढतात. दादा हसत नाही. गुंता मांडीवर घेतो, गप्पा मारत बोटांनी सोडवतो. गळाच्या ताणलेल्या दोऱ्यावर, तंगुसावर, नुसतं बोट ठेवून तो सांगतो, खाली तांबोशी आहे की खेकडा आमिष कुरतडतोय. लहान मुलांच्या हातात गळ आणि कोळंबी देऊन म्हणतो, तूच ओवायचं, मी ओवलं तर मासा माझा होईल. मुलं जीभ बाहेर काढून ओवत बसतात. आईबाप खूश. मीही खूश होते.

आता खाडीत परतायच्या वाटेचं सांगायला हवं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांच्या दोन रांगा आहेत आणि मधे जेमतेम तीन बोटी मावतील एवढी फट. भरतीला कुठूनही जा, खडक खोल असतात. ओहोटीला परत येताना मात्र त्या फटीतूनच यावं लागतं. ती सापडायची खूण वडिलांनी दादाला दाखवलेली. किनाऱ्यावर पांढरा मनोरा आहे, त्याच्या मागे टेकडीवर पाण्याची निळी टाकी. समुद्रातून बघताना टाकी मनोऱ्याच्या बरोबर मागे आली की आपण फटीच्या मध्यावर. बस्स, एवढंच. दादानं तीस वर्षं दुसरी खूण शोधली नाही.

त्या टाकीला तडे गेले होते. एका मंगळवारी ती पाडली. माझं घर टेकडीखालीच, वाळत घातलेल्या कपड्यांवर इतकी धूळ बसली की दोनदा धुवावे लागले. दादाला मी काही बोलले नाही. त्याला काय सांगायचं? गावात रोज टाकीकडे बघणारा माणूस तोच एक. त्यानं दुसरी खूण धरली असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी एक कुटुंब आलं. नवरा बँकेत, बायको शिक्षिका, सात वर्षांची मुलगी. शिक्षिकाबाईंनी आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, मला पाण्याची भीती वाटते, बोटीवर कुणी बाईमाणूस असेल का? मी गेली सहा वर्षं बोटीत पाय ठेवला नव्हता. पण त्यांचा आवाज ऐकून म्हटलं, मी येते.

दिवस छान गेला. मुलीला दोन तांबोश्या लागल्या, बँकवाल्यांना एक बूट. दुपारी पाणी उतरायला लागलं तसे आम्ही परत फिरलो. मी मागे बसून तंगूस गुंडाळत होते. दादानं मुलीला सुकाणूजवळ उभं केलं आणि नेहमीचा पाठ सुरू केला. तो पांढरा मनोरा दिसतो का, त्याच्या मागे टेकडीवर निळी टाकी आहे, ती मनोऱ्यामागे लपली की आपण घरी.

“टाकी नाहीये,” मुलगी म्हणाली.

“नीट बघ. ती काय, मनोऱ्याच्या जरा उजवीकडे. म्हणजे आपल्याला डावीकडे जायचं.” आणि त्यानं सुकाणू डावीकडे फिरवलं.

तंगूस माझ्या हातात तसाच राहिला. आधी वाटलं, पोरीची गंमत करतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गंमत नव्हती. डोळे बारीक करून तो रिकाम्या टेकडीकडे बघत होता आणि तिथं नसलेल्या टाकीला मनोऱ्यामागे आणत होता. ओरडावं म्हटलं तर तोंडातून आवाज फुटेना, आणि मला तर कुणी कधी गप्प बसलेलं पाहिलेलं नाही.

त्या दोन-चार क्षणांत गेलं सगळं वर्ष माझ्या डोक्यात उलटंपालटं झालं. चष्मा घरी राहिला म्हणून हवामानाचं मला वाचायला लावणं. चहा ओतताना कपात बोट घालणं. ओळखीच्या माणसालाही आवाज येईपर्यंत नुसतं “या साहेब” म्हणणं. मुलांना गळ ओवायला देणं. मी या सगळ्याला हसले होते. म्हातारा होतोयस, अशी चेष्टाही केली होती. माझ्या भावाला दिसत नव्हतं, आणि मी रोज सकाळी त्याच्या बोटीत माणसं बसवत होते.

डावीकडे पाणी पांढरं फुटत होतं. ओहोटी लागलेली, खडकांची डोकी वर आलेली. कुणालाही दिसली असती. मी कशीबशी उठले आणि दादाला खेटून बसले.

“दादा, उजवीकडे घे,” मी हळूच म्हटलं.

“कशाला?”

“घे म्हणते ना.”

मी त्याचा दंड घट्ट धरला होता. त्यावरूनच कळलं असणार, कारण त्यानं पुढं काही विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझं निमूट ऐकलं. बोट वळली. खालून खर्र असा आवाज आला आणि पायाखालची फळी हादरली. शिक्षिकाबाईंनी मुलीचं जॅकेट मुठीत धरलं. मी त्याच्या कानाशी बोलत राहिले. आणखी उजवीकडे, आता सरळ, हळू, सरळच. दोन्ही बाजूंना फेस होता आणि मधला काळा पट्टा मी त्याला तोंडानं सांगत होते. बँकवाल्यांनी कौतुकानं विचारलं, ताईपण बोट चालवतात का? मी हो म्हटलं.

धक्क्यावर पोचल्यावर ते तिघं खुशीत उतरले. मुलीनं दादाच्या कमरेला मिठी मारली. पुन्हा नक्की येऊ, बाई म्हणाल्या. ते रस्त्याला लागेपर्यंत मी हसत उभी राहिले आणि मग पत्र्याच्या खोलीमागे जाऊन ओकले.

परत आले तेव्हा दादा दोर बांधायच्या खुंटावर बसला होता. पाणी उतरल्यामुळे बोटीची डावी बाजू उघडी पडली होती. तिच्यावर एक नाही, तीन ओरखडे होते, आणि त्यातले दोन आजचे नव्हते. मला राग यायला हवा होता. दादावर ओरडायला मी वाक्यंसुद्धा जुळवून आले होते.

“टाकी कुठं गेली?” त्यानंच विचारलं.

“पाडली. मागच्या मंगळवारी.”

तो बोटं दुमडायला लागला. गुरुवारचे ते भाऊ-भाऊ. शनिवारचं सहा जणांचं कुटुंब. रविवारी दोन खेपा. आजची ही तिघं. त्याला सगळी लक्षात होती. एकोणीस माणसं, त्यात सात मुलं, असं तो म्हणाला आणि बोटं तशीच दुमडलेली राहिली.

मग त्यानं सांगितलं. डोळे अधू झालेत हे त्याला वर्षभर कळत होतं. समोरचा चेहरा पुसट व्हायचा, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरकडे गेला तर बोट जाईल, म्हणून त्यानं स्वतःच तपासणी ठरवली होती. रोज सकाळी धक्क्यावर उभं राहायचं आणि टेकडीकडे बघायचं. टाकी दिसली तर माणसं बसवायची. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी बोट बंद, ही त्यानं स्वतःशी घेतलेली शपथ.

“मी फसवलं नाही गं कुणाला,” तो म्हणाला. “आज सकाळीही दिसली होती.”

जुळवून आणलेली वाक्यं मी गिळली. खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण तो प्रामाणिकपणे रोज डोळे तपासत होता, आणि डोळे त्याला तीस वर्षांची पाठ झालेली टाकी दाखवत होते. ती दिसली म्हणून तो पोरांना घेऊन खडकांत शिरत होता.

त्यानं खिशातून बोटीची किल्ली काढली. पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून तिला बुचाचा गोळा बांधलेला आहे, तो लहानपणी मीच रंगवला होता. त्यानं ती माझ्याकडे धरली, माझ्या हातापासून वीतभर बाजूला. मी हात सरकवून घेतली.

“उद्याची माणसं?” त्यानं विचारलं.

“सांगते फोन करून.”

“खरं कारण सांग.” एवढं बोलून त्यानं मान टेकडीकडे वळवली आणि डोळे बारीक केले. तिथं दुपारचं मोकळं आभाळ होतं.

“ठमे,” तो म्हणाला, “मला आत्ताही दिसतेय.”