उसन्या भांड्यांचा दिवस

अजून डोळा लागला की दिसतं. उन्हं कलल्यात, येरमाळ्याची वाट धुळीनं पिवळी झालीया, आन् त्या धुळीतनं पितळंची भांडी चालल्यात, जणू आपल्याच पायानं. जवळ गेलं की कळतं, भांड्यांखाली माझा थोरला भाऊ हाय.

आमी राहायचो ते घर म्हंजी करोडगिरीचं जुनं नाकं. निजामाच्या राज्यात बार्शीकडं जाणाऱ्या गाड्या तिथं अडवायचे, मालावर कर घ्यायचे. राज्य गेलं, हद्द पुसली, नाकं मोकळं पडलं. तिथं एका पेन्शनीतल्या मास्तरांनी सात माणसं आणून ठेवली. कुणाला दिसत न्हाय, कुणाला ऐकू येत न्हाय, कुणाची अक्कल लहानपणीच वाटंत बसून राहिलेली. म्या तिथं स्वयंपाकी. आमच्यातली आंधळी आत्या माझ्या भाकरीवर हात फिरवून म्हणायची, "ह्यो कंचा मुलूख रं? डोंगर लई लागत्यात." त्या सातांत मास्तर मला आठवा धरायचे, अक्कल बसलेला.

भाऊ माझ्याहून दहा वर्सांनी मोठा. बोलणं दोन-चार शब्दांचं. आई व्हती तवर आई त्याला हाताशी घेऊन फिरायची. आई गेली. मग आमी रानात जाताना त्याला दारातल्या खुंट्याला बांधायचो, न्हायतर तो आडाकडं जायचा. घरात दुसऱ्या कुणाची गाठ टिकायची न्हाय, माझी पक्की बसायची. साऱ्या जन्मात मला चांगली जमलेली कला तेवढीच. नाक्यावर आणलं तेबी त्याच दाव्यानं, बैल आणावा तसं. मास्तरांनी दावं सोडलं, भिंतीतल्या खुंटीला अडकवलं आन् मला म्हणले, "हे इथं राहू दे. तूबी राहा. भाकरी भाज."

घराला सरकारी मदत मिळावी म्हणून मास्तरांनी अर्ज केला व्हता. कागद हैदराबादला गेला. तवर जिल्हा मुंबईकडं आला, मग कागद मुंबईच्या वाटंला. मग आणखी नवं राज्य झालं. आमी बसल्या जागी बसून, सरकारंच मेली गावं बदलत व्हती. शेवटी पत्र आलं, साहेब घर बगायला येणार.

मास्तर म्हणले, "त्यांनी हो लिहिलं तर घर चालंल. न्हाय लिहिलं तर येडाईच्या यात्रेच्या आत ज्यानं त्यानं आपलं माणूस परत न्यायचं."

म्या खुंटीकडं बगितलं न्हाय. न बगताबी दिसत व्हती.

त्या दिवशी मास्तर साहेबाला आणायला सकाळच्या मोटारीनं कळंबला गेले, घर माझ्यावर सोडून. चुकलं असंल तर त्यांचं एवढंच. म्या इचार केला, पोरगी बगायला पाव्हणे येत्यात तवा आपण काय करतो? शेजारचं आणून घर भरून दाखवतो. उपाशी घरची पोरगी कोण करतं? भावाला घेतलं आन् दारोदार निघालो.

एक म्हातारी हंडा देताना म्हणली, "कुणाचं लगीन काढलंस रं?"

"आमच्या घराचं, आज्जे. सरकारशी."

"पोरगं काय करतं?"

"सह्या."

"मग खातंपितं असंल," म्हणली, आन् वर परातबी दिली.

हंडे आणले, घागरी आणल्या, नव्या वाकळा आणल्या. साळंतली खुर्ची आणली. पाटलाचा कोट आणला, तो म्या घातला. भाऊ दमला न्हाय. प्रत्येक भांड्याला हात लावून, कुणाच्या दारचं ते बगून ठेवत व्हता.

दुपार कलता मास्तर साहेबाला घेऊन आले. हंड्यांवर ऊन पडलेलं, सारं नाकं सोन्यागत. साहेब खुर्चीत बसले. "मास्तर, उत्तम चाललंय तुमचं. मागणारे पुष्कळ आहेत. जिथं खरी गरज, तिथं द्यायला पाहिजे." आन् लिहाय लागले.

मास्तरांनी माझ्याकडं बगितलं. उसनं हाय म्हणावं तर घर खोटं पडतं, गप बसावं तर घरच पडतं. म्या आपला दात काढून उभा. कोट मला शोभतोय असंच वाटत व्हतं.

तवर दिवेलागण जवळ आली. आमच्या आईचा नेम व्हता, मागून आणलेलं दिवे लागायच्या आत परत करायचं, आन् रिकामं भांडं कुणाच्या दारात न्यायचं न्हाय. भावानं उठून ज्वारीच्या कणगीत हात घातला, हंड्यात मूठभर टाकली, हंडा डोक्यावर घेऊन निघाला. परत आला, घागर नेली. मग परात. दर खेपंला एक मूठ. पितळ वाटंनं जात राहिली आन् घर हळूहळू काळं, मोकळं, आमचं व्हत गेलं. मग त्यानं माझ्या अंगातला कोट काढला. आत फाटकी बंडी. मग साहेबाच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आन् खुर्ची उचलली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणले.

आत्या म्हणली, "बसा साहेब, घोंगडं हाय. आत्ता कुठं आमच्या घरात आलात."

साहेब खाली बसले. शेवटी भाऊ खुंटीपाशी गेला. दावं काढलं. कणगीत वाकून तळ खरवडला, चार दाणे मिळाले. दाणे आन् दावं माझ्या हातात ठेवलं आन् म्हणला, "तुजं."

"ही दोरी कशाची?" साहेबांनी इचारलं.

जन्मभर तोंड चालवलं, त्या वक्ताला एक चेष्टा सापडंना. म्या सांगितलं. खुंटा, आड, गाठ कुणाची ते, सगळं.

साहेबांनी लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला. दुसरा काढला, कंदील जवळ ओढला आन् लई वेळ लिहीत राहिले. काय लिहिलं ते मला वाचता येत न्हाय. पण यात्रा आली, गेली, आन् भाऊ नाक्यावरच व्हता. पावसाळ्यात मंजुरी आली.

साहेब आले त्या सांजंला मातूर चूल पेटली न्हाय, ज्वारी सारी गावात गेलेली. माझ्या भाकरीतनं सुटका झाली म्हणून आत्यानं येडाईला हात जोडले.

दावं म्या दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर नेलं, बादलीला बांधलं. भाऊ पाणी ओढायचा, म्या त्याच्या शेजारी उभा राहायचो. गाठ मातूर लई दिवस टिकली.