क्रेगला चेंडू कुणी मारायचा?

ऑफिसने आम्हाला खेळायला पाठवायचं ठरवलं आणि खेळणं सक्तीचं केलं. ईमेलमध्ये "ऑप्शनल" असं लिहिलं होतं खरं, पण त्याच्या खालीच आमच्या मॅनेजरने, म्हणजे क्रेगने, "सगळे येतायत ना?" असंही विचारलं होतं. आयटीत केस पांढरे केलेल्या बाईला याचा अर्थ बरोबर कळतो. मी नवऱ्याला म्हटलं, "बुधवार ते शुक्रवार इराला शाळेत सोडणं तुझ्याकडे," आणि बॅग भरायला घेतली.

जायचं होतं हॉल्स गॅपला. मेलबर्नच्या पश्चिमेला ग्रॅम्पियन्सचे डोंगर आहेत, इथल्या मूळ लोकांच्या भाषेत गॅरिवर्ड. त्यांच्या कुशीतलं हे एवढंसं गाव. मेलबर्नमधल्या आमच्या क्लेटनहून साडेतीन तास धरा, वाटेत खाणार असाल तर साडेचार. आम्ही खाणारच होतो. सकाळी वेस्ट गेट ब्रिज ओलांडेपर्यंत ट्रॅफिकने जीव नकोसा केला, पण बॅलरॅटच्या रस्त्याला लागलं की गाडी आपोआप पळते. एकच सल्ला देते, पेट्रोल अरारॅटला भरा. पुढे डोंगरात गेल्यावर पेट्रोल आणि नेटवर्क दोन्ही देवाच्या भरवशावर.

माझ्या गाडीत दोघं होते. मागे हरप्रीत, डँडेनॉन्गला राहतो आणि दर शनिवारी तिथल्या क्लबकडून फास्ट बोलिंग टाकतो. पुढे माझ्या शेजारी सुजाता, मूळची नागपूरची, आमच्या टीममधली सगळ्यात हुशार डेव्हलपर. मी टेस्टिंग बघते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरीही मी तेच करते, पण तिथे कदर नाही.

एका मोठ्या दुकानसाखळीच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. ते सुरू करायची तारीख वरून ठरून आली होती, आणि त्या तारखेला ते काही होणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं, हरप्रीतला ठाऊक होतं, कॉफी मशीनलासुद्धा ठाऊक असावं. तरी दर गुरुवारी क्रेग विचारायचा, "स्टेटस?" आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, "ग्रीन." हिरवं म्हणजे सगळं ठीक, पिवळं म्हणजे जरा काळजी, लाल म्हणजे बोंब. आमच्या टीमने पिवळा रंग कधी पाहिलाच नव्हता.

एरवी यात हसण्यासारखंच होतं. पण नेमकं त्या तारखेच्याच आठवड्यात नागपूरला सुजाताच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तिची रजा मंजूर झाली होती, मग "गो-लाइव्ह आहे, जरा थांबू या" म्हणून अडकवली गेली. वडील गेले तेव्हा कोरोनात सीमा बंद होत्या. त्यांचा अंत्यविधी तिने क्लेटनच्या भाड्याच्या खोलीत बसून फोनवर पाहिला होता. आता घरातलं हे पहिलं लग्न, आणि तेही एका खोट्या तारखेपायी चुकणार होतं. बोलायची तर सोय नव्हती, कारण तिची पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीची, फाइल कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर उभी होती. हरप्रीतचीही तशीच.

बॅलरॅटला आम्ही थांबलो. कॉफी महाग आणि फक्कड. सोबत मी आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, ज्या हरप्रीतने "बस एक और" म्हणत जवळजवळ संपवल्या. तेवढ्यात सुजाताच्या आईचा फोन आला.

"हाव आई, येतो ना मी. तिकीट? काढतो." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "मुग्धा, मी आईशी पण ग्रीनच बोलून राहिली."

मी तिला शेवटची पुरी दिली.

हॉल्स गॅपला पोचलो तर हिरवळीवर कांगारू असे पसरले होते, जसे काही लॉजचं भाडं त्यांनीच भरलंय. क्रेग आधीच आला होता. माणूस वाईट नाही हो. जिलॉन्गचा आहे, उंचापुरा, डोक्यावर रुंद काठाची हॅट, प्रत्येक वाक्याला "नो वरीज." त्याने सोबत ब्रॉन नावाची बाई आणली होती. तिचा हुद्दा "प्ले कोच". मोठ्या माणसांना खेळायला शिकवायचे पैसे घेते हे ऐकून आम्हा देशी मंडळींच्या पोटात दुखलं, कारण आपण हे काम आजवर फुकट केलं.

ब्रॉनने पोतंभर प्लॅस्टिकच्या विटा टेबलावर ओतल्या आणि सांगितलं, "तुमची टीम तुम्हाला कशी वाटते, ते बांधा." सगळ्यांनी पूल बांधले. झाडून सगळ्यांनी! हरप्रीतच्या पुलाला खालून आधारच नव्हता, म्हणून त्याने तो एका हाताने धरून ठेवला आणि ब्रॉन बघून जाईपर्यंत हसत उभा राहिला. क्रेग म्हणाला, "ब्यूटिफुल." संध्याकाळी बार्बेक्यू झाला. तव्याचा एक कोपरा फॉइल लावून आमच्या पनीरसाठी राखला होता, तेवढं मात्र मनापासून आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिनॅकल नावाचा सुळका चढलो. जाणार असाल तर वंडरलँडच्या कार पार्कपासून सुरुवात करा, बूट चांगले घाला, आणि निघण्यापूर्वी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या, कारण वणव्यानंतर काही वाटा बंद ठेवतात. वाटेत दोन उभ्या कातळांमधून एक फट जाते, इतकी अरुंद की मला दिवाळीतल्या चकल्या आठवल्या आणि पश्चात्ताप झाला. माथ्यावर गेलं की खाली सगळी दरी, तळं, आणि वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे कुणी कामाचं बोललं नाही. तो अर्धा तास सहलीतला सगळ्यात चांगला टीम-बिल्डिंगचा कार्यक्रम होता.

जेवण झाल्यावर ब्रॉन म्हणाली, "धिस आर्वो, आज दुपारी, माझे खेळ बंद. तुम्ही लहानपणी खेळायचात असा एखादा शिकवा." सुजाता आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणालो, "लगोरी!"

चपटे दगड ओढ्याकाठी हवे तेवढे. चेंडू माझ्या गाडीत निघाला, इराचा टेनिसचा, सीटखाली जाऊन बसलेला. मी नियम सांगितले. सात दगड एकावर एक रचायचे. एका बाजूने चेंडू मारून ते पाडायचे आणि धावत येऊन पुन्हा रचायचे. दुसऱ्या बाजूने तोवर रचणाऱ्याला चेंडू मारून बाद करायचं. क्रेगला खेळ भलताच आवडला. तो रचणाऱ्यांत गेला, आम्ही तिघं मारणाऱ्यांत.

क्रेगने दगड पाडले आणि गुडघ्यावर बसून सावकाश रचायला घेतले. चेंडू हरप्रीतच्या हातात. चार पावलांवर क्रेगची ती भलीमोठी पाठ, एक वेळ भिंतीवरचा नेम चुकेल, पण तिच्यावरचा नाही. हरप्रीतने चेंडू फेकला तो थेट कांगारूंच्या पलीकडे.

"सन इन माय आइज," तो म्हणाला. सूर्य त्याच्या पाठीमागे होता.

पुढच्या वेळी चेंडू माझ्याकडे आला. हात उचलला आणि तो माझा मलाच परका वाटला. मी चेंडू क्रेगच्या बुटाशेजारी असा हळुवार टाकला, जसा बाळाला देतात. क्रेग दगड रचून उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "लॅगोरी! आय ॲम अ नॅचरल!"

आणखी एक डाव झाला, तोही तसाच. बाकीच्यांना आम्ही धडाधड बाद करत होतो. अकाउंट्सच्या पोरीला तर हरप्रीतने असा दणका दिला की नंतर सॉरी म्हणून तिला चिप्स आणून द्याव्या लागल्या. फक्त क्रेगला चेंडू लागत नव्हता. आम्ही ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. हात आपोआप वळत होता.

ब्रॉन खुर्चीत बसून बघत होती. ती सहज म्हणाली, "गंमत आहे. तुम्हा लोकांचा नेम फक्त क्रेगवरच चुकतो."

हरप्रीतने बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली. क्रेगच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण तो आमच्यातल्या एकेकाकडे बघू लागला.

पुढच्या डावात चेंडू घरंगळत सुजाताच्या पायाशी आला. क्रेग पाठ करून सहावा दगड ठेवत होता. सुजाताने चेंडू उचलला, क्षणभर हातात तोलला आणि पूर्ण ताकदीने मारला. दोन खांद्यांच्या मधोमध, फटकन! हॅट उडाली, दगड कोसळले, सगळे कांगारू मान वर करून बघायला लागले.

"आउट," सुजाता म्हणाली.

क्रेग पाठ चोळत वळला आणि चक्क हसला. "फायनली!"

आपण असतो तर इथेच थांबलो असतो. सुजाता थांबली नाही. ती इंग्रजीत सरळ बोलत गेली. "क्रेग, तारखेला होणार नाही. अजून दीड महिना लागेल. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या तारखेसाठी माझी रजा अडवलीय, माझ्या भावाचं लग्न आहे."

क्रेगने आमच्याकडे पाहिलं. "इज दॅट राइट?"

मी म्हटलं, "राइट आहे. टेस्टिंग निम्मंही झालेलं नाही." मग हरप्रीत म्हणाला, "सही बोल रही है, क्रेग," आणि घाईघाईने तेच इंग्रजीत म्हणाला.

क्रेगने हॅट उचलून झटकली. "रायटो. उद्या सकाळी हेलनशी कॉल आहे. सांगतो तिला." हेलन म्हणजे सिडनीत बसणारी क्रेगची बॉस. रात्री सुजाता नीट जेवली नाही. "मी काहून मारला बे?" असं ती पनीर चिवडत तीनदा म्हणाली. मी तिला धीर दिला, पण भीती मलाही वाटत होती.

शुक्रवारी सकाळी लॉजच्या जेवणघरात क्रेगने लॅपटॉप उघडला. आम्ही कॅमेऱ्यात दिसणार नाही असे समोरच्या बाकावर टोस्ट घेऊन बसलो. इराचा फोन येऊन गेला होता, "मम, डिड यू टेक माय बॉल?" म्हणून चेंडू आठवणीने पर्समध्ये टाकला होता.

हेलन पडद्यावर आली. गुड मॉर्निंग झालं, सिडनीच्या हवेचं झालं. मग तिने विचारलं, "सो, क्रेग, आर वी ऑन ट्रॅक?"

क्रेगने घसा खाकरला. "येह, नो वरीज, हेलन. टीम जोरात आहे. एक-दोन किरकोळ गोष्टी आहेत, पण बाकी सगळं..."

मी बघतच राहिले. तो सहा फुटी, इथेच जन्मलेला, व्हिसाबिसाची फिकीर नसलेला बाप्या हुबेहूब हरप्रीतसारखा नेम चुकवत होता! म्हणजे हा आजार आपल्याच लोकांना आहे, असं जे मी इतकी वर्षं समजत होते, ते सपशेल खोटं. ज्याला बॉस आहे त्या प्रत्येकाला तो आहे.

शेजारी सुजाताने मान खाली घातली. ते बघून माझं डोकं फिरलं. मी पर्समध्ये हात घातला, चेंडू काढला आणि मारला. तो क्रेगच्या खांद्याला लागून जॅमच्या भांड्यात पडला.

"क्रेग? तिकडे काय झालं?" हेलनने विचारलं.

क्रेगने माझ्याकडे पाहिलं, मग सुजाताकडे. खांदा चोळला. "ॲक्चुअली, हेलन," तो म्हणाला, "सगळं ठीक नाही. आपण तयार नाही आहोत." आणि मग बराच वेळ तो खरं बोलत राहिला. हेलनचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता, पण शेवटी ती एवढंच म्हणाली की हे तिला दोन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं. तारीख पुढे गेली. सुजाताची रजा सुटली.

परतताना अरारॅटला पेट्रोल भरायला थांबलो. सुजाताने तिथेच फोनवर तिकीट काढलं आणि पंपाच्या कठड्यावर बसून ढसाढसा रडली. हरप्रीतला काय करावं कळेना, म्हणून तो तिच्यासाठी गरम "पाय", म्हणजे इथली सारण भरलेली पेस्ट्री, घेऊन आला. रडत रडत तिने तो पूर्ण खाल्ला. मला इतका आनंद सॉफ्टवेअरच्या कुठल्याही रिलीजनंतर झाला नव्हता.

घरी पोचल्यावर इराने पहिला प्रश्न विचारला, "वेअर्स माय बॉल?" चेंडू क्रेगने धुऊन मागून घेतला होता. तो आता मीटिंगच्या टेबलावर असतो. सिडनीहून कुणीतरी त्यावर एक स्लाइडही बनवली, खेळातून मोकळा संवाद वगैरे, बाणांसकट. ती दाखवली तेव्हा सगळ्यांनी छान छान म्हटलं. म्हणजे आजार पूर्ण गेलेला नाही. पण परवाच्या गुरुवारी हरप्रीत "यलो" म्हणाला, आणि छत कोसळलं नाही.

इराला नवा चेंडू आणून दिला. रविवारी अंगणात आम्ही दोघी लगोरी खेळत होतो. ती दगड रचत होती, मी दोनदा नेम चुकवला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मम, यू आर मिसिंग ऑन पर्पज. दॅट्स नॉट फेअर."

मग मी मारला. "आउच!" ती ओरडली आणि खिदळत दगडांकडे पळाली.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून फोटो आला होता. वडिलांच्या हार घातलेल्या तसबिरीसमोर सुजाता आणि तिचा भाऊ, दोघंही कानापर्यंत हळदीने माखलेले. खाली तिने लिहिलं होतं, "क्रेगला सांग, स्टेटस पिवळा. या वेळी खरा."