नाचांचं रीळ

तिरोड्याच्या बाजारात फिरत्या टॉकीजचा एक म्हातारा ऑपरेटर रिळांचे डबे विकायला बसायचा. रिळाला हात लावण्याआधी बोटं धोतराला पुसायचा. एकदा मी त्याच्याशी गप्पा मारत असताना नागपूरचे एक संग्राहक त्याच्याकडचा हॉलिवूडचा जुना, नाचगाण्यांचा विनोदी सिनेमा घ्यायला आले. "दुर्मीळ!" म्हणत त्यांनी रीळ उलगडलं, तर जागोजागी जोड. म्हाताऱ्याने संवाद कापून नुसते नाच ठेवले होते.

"सत्यानाश केलास!"

"इंग्रजी बोलनं कोनाले समजे, साहेब? लोकं नाच पाहाले येत. तुमी तरी पाहान का?"

"छे! कपाटात राहील."

म्हाताऱ्याने रीळ हिसकावलं. "मंग कायले नेता? लोनचं घालाले?"

"अडाणी!" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. माझंही डोकं तापलं होतं. मी त्यांना त्यांची गाडी कुठे उभी आहे ते दाखवलं.